अनुशेषाच्या हिशेबात न आलेले घर

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात आणि त्या म्हणण्यात बांधणाऱ्याच्या फजितीविषयी थोडी थट्टाही असते. अमरावतीच्या बिच्छू टेकडी-फ्रेजरपुऱ्यासारख्या भागांत, किंवा अकोल्यात अकोट फैलाच्या बाजूस अथवा मोर्णेच्या काठावर ज्या कुटुंबाने घरकुलाच्या मंजुरीवर विसंबून राहती टिनाची खोली मोडली, त्याला मात्र ही थट्टा सुचणार नाही. जागा चार-पाचशे चौरस फुटांची. जुनी खोली जिथे उभी, तिथेच नवे घर व्हावयाचे; म्हणजे आधी मोडणे आले आणि मोडल्यावर भाड्याची खोली आली. जोते होते, महापालिकेचा माणूस येऊन छायाचित्र घेतो, हप्ता मिळतो. भिंती चढतात, पुन्हा छायाचित्र, पुन्हा हप्ता. ही साखळी जोवर चालते तोवर सारे ठीक असते. ती तुटली म्हणजे जोत्याच्या बाहेर डोकावणाऱ्या सळया पावसाळाभर गंजत राहतात आणि गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो.

या खोळंब्याची किंमत काढणे अवघड नाही. समजा, एक लाख रुपयांचा हप्ता सहा महिने उशिरा आला. काम थांबू नये म्हणून तेवढी रक्कम एखाद्या सूक्ष्म वित्त कंपनीकडून किंवा ओळखीच्या सावकाराकडून उचलली आणि व्याज दरसाल २४ टक्के धरले, तर सहा महिन्यांचे व्याज १२ हजार रुपये होते. भाड्याच्या खोलीचे महिना ३ हजार धरले तर १८ हजार. एकूण ३० हजार. अडीच लाखांच्या अनुदानातील १२ टक्के रक्कम अशा रीतीने वाटेतच संपली. ती कोणी खाल्ली नाही, आणि कोणत्याही लेखापरीक्षणात ती सापडणारही नाही.

पंतप्रधान आवास योजनेने शहरी गरिबांस काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील चौथा घटक, म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यास अनुदान देण्याचा, वऱ्हाडच्या प्रकृतीस मानवणारा आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळून ज्यांनी कवेलूचे छप्पर टाकून स्लॅब टाकला, अशी घरे दोन्ही शहरांतील गल्ल्यांतून दिसतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजनाही आहे. उणीव योजनांची नाही. उणीव आहे ती त्या योजनांमागे सतत हलता राहील अशा पैशाची, आणि तो मागणाऱ्या संघटित आवाजाची.

मोजले काय आणि राहिले काय

मागणी करण्यात वऱ्हाड मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द येथील वर्तमानपत्रांच्या, सभांच्या आणि विधिमंडळातील भाषणांच्या रोजच्या वापरातला झाला. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१ (२) व्या कलमान्वये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांच्या पाठोपाठ निर्देशांक व अनुशेष समितीही आली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, कृषिपंपांचे विद्युतीकरण, मृदसंधारण, पशुवैद्यकीय सेवा यांचे हिशेब मांडले गेले. अमरावती विभागाच्या सिंचनाचा आकडा तर शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक झाला असेल.

या संपूर्ण मांडणीत शहरातील गरिबाचे घर कोठेही नव्हते. त्यास कारणही होते. दांडेकर समितीच्या काळात विदर्भाचे मागासलेपण म्हणजे कोरडवाहू शेतीचे मागासलेपण, हेच समीकरण सर्वांच्या मनात होते आणि ते चूकही नव्हते. परंतु तीच कोरडवाहू शेती ज्यांना पोसू शकली नाही, ती माणसे गेली कोठे? काही पुण्या-मुंबईस गेली. पुष्कळशी मात्र तालुक्याच्या गावातून बडनेऱ्यास किंवा अकोल्यास येऊन थांबली. मेळघाटातून, वाशीमच्या बाजूने, अकोट-तेल्हाऱ्याकडून आलेल्या या कुटुंबांना कापसाच्या जिनिंगमध्ये, बांधकामावर, भाजीबाजारात काम मिळाले. एकेकाळी अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्या कायम पगाराची नोकरी देत. त्या बंद पडल्यावर कायम नोकरी गेली, वस्ती मात्र राहिली. शेतीचा अनुशेष अशा तऱ्हेने शहराच्या नाल्याकाठी येऊन वसला, आणि तिथे तो कोणी मोजला नाही. विकास मंडळांची मुदतही २०२० मध्ये संपली.

न मोजलेल्या गोष्टीस पैसा मिळत नाही, याचा अनुभव २००५ मध्येच आला होता. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही शहरे मुख्य यादीत घेतली गेली. नांदेडची निवड तिच्या धार्मिक महत्त्वामुळे झाली. अंबादेवीची ख्याती मात्र दिल्लीपर्यंत पोहोचली नसावी. अमरावती व अकोला यांच्या वाट्यास लहान शहरांसाठी असलेली एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास योजना आली. तीत केंद्राचा वाटा ८० टक्के होता, म्हणजे कागदावर ती अधिक उदार होती. पण मुख्य यादीतील शहरांना पैशाबरोबर नियोजनाची यंत्रणा, सल्लागार आणि पाठपुराव्याची सवयही मिळाली. निधी मागणे हीसुद्धा एक विद्या आहे, आणि ती ज्यांना आधी शिकावयास मिळाली ते पुढेही पुढेच राहिले.

अडीच लाखांचे आजचे मोल

आता अनुदानाच्या रकमेकडे पाहावे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख ही रक्कम २०१५ साली ठरली. योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यासाठी एक कोटी घरांचे लक्ष्य आणि केंद्राचे २ लाख ३० हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याच्या पदरात मात्र तेच अडीच लाख राहिले. या दहा वर्षांत ग्राहक किंमतींचा निर्देशांक दीडपटीहून अधिक झाला आहे. म्हणजे २०१५ चे मोल टिकवावयाचे तर आज किमान पावणेचार लाख द्यावयास हवेत. न देता तीच रक्कम कायम ठेवणे याचा अर्थ अनुदानात दरवर्षी न बोलता कपात करणे असा होतो. सरकारी नोकराचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडता येतो, तर घरकुलाचे अनुदान का जोडता येऊ नये, हा प्रश्न विधिमंडळात अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या आमदाराने विचारावा असा आहे.

दुसरी गोष्ट कराची. विकासकाकडून परवडणारी सदनिका विकत घेणाऱ्यास एप्रिल २०१९ पासून एकच टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पण जो स्वतः सिमेंटची पोती आणून स्वतः घर उभे करतो, त्याला सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के कर द्यावा लागत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. लोखंडावरही १८ टक्केच आहे. याचा अर्थ लाख रुपयांच्या सिमेंट-सळईत आजही पंधरा हजारांहून थोडा अधिक कर दडलेला असतो. शासन एका हाताने हप्ता देते आणि दुसऱ्या हाताने त्यातील काही भाग दुकानदाराच्या बिलातून परत घेते. विकासकाच्या ग्राहकास जी सवलत मिळते ती या गरीब बांधकऱ्यास मिळू नये, यास अर्थशास्त्रात तरी काही समर्थन सापडत नाही. राज्याच्या २०२५ च्या रेती धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याचे ठरले, हे स्वागतार्ह आहे. रेती विनामूल्य असली तरी ट्रॅक्टरचे भाडे विनामूल्य नसते, एवढेच.

मुंबईचे गणित येथे चालत नाही

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचे जे प्रारूप १९९५ नंतर आले, त्याचा पाया जमिनीच्या भावात आहे. विकासकाने झोपडीवासीयास मोफत घर बांधून द्यावे आणि त्या बदल्यात मिळालेले वाढीव चटईक्षेत्र बाजारात विकून खर्च भरून काढावा, असे ते गणित. वांद्र्यात ते जुळते, कारण तिथे वाढीव क्षेत्रास गिऱ्हाईक आहे. अकोल्यात मोकळ्या ले-आउटमध्ये भूखंड मिळत असताना चौथ्या मजल्यावरचे वाढीव क्षेत्र कोण घेणार? वऱ्हाडी माणसाची घराची कल्पनाच मुळी भूखंडाची आहे. पुढे थोडे अंगण, मागे मोरी, आणि पोरगा कमावता झाला की वरचा मजला. म्हणून येथे बाजारातून आडवळणाने पैसा उभा करण्याची वाट बंद आहे आणि थेट सार्वजनिक पैशास पर्याय नाही. मुंबईच्या डोक्याने आखलेल्या धोरणात हा फरक वारंवार सुटतो.

त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला समावेशक गृहनिर्माणाच्या नियमात आहे. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये २० टक्के भाग अल्प उत्पन्न व दुर्बल गटांसाठी राखून ठेवावा, असे एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सांगते. नियम चांगला आहे; पण तो दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या ६ लाख ४७ हजार, अकोल्याची ४ लाख २५ हजार. दोन्हींची बेरीज केली तर दहा लाखांची रेषा ओलांडली जाते, पण नियम बेरीज मान्य करीत नाही! २०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढून भोवतालची २४ गावे आत आली, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, तेव्हा आजचे खरे आकडे काय असतील याची कल्पनाच करावी. अमरावतीत वलगाव आणि बडनेरा रस्त्यांनी, अकोल्यात डाबकी रोडच्या पलीकडे ले-आउट पडत गेले. त्यांतून गरिबासाठी एक भूखंडही राखून ठेवण्याचे बंधन नव्हते. ही मर्यादा चार लाखांवर आणण्यासाठी राज्यास एक पैसाही खर्च करावा लागणार नाही. निधीची मागणी करताना ही बिनखर्चाची मागणी विसरली जाऊ नये.

जमिनीच्या हक्काचा प्रश्न याहून जुना. घरकुलाचे अनुदान ज्याच्या नावे जागा आहे त्यालाच मिळते. आणि दोन्ही शहरांतील कित्येक वस्त्या शासकीय किंवा नझूल जमिनीवर आहेत. राज्याने २०१८ मध्ये शासकीय जमिनीवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करून पट्टे देण्याचे धोरण काढले. पण पट्टा देण्यासाठी मोजणी हवी, मोजणीसाठी भूमापक हवा आणि भूमापकासाठी पैसा हवा. ओडिशाने २०१७ मध्ये झोपडीवासीयांना भूमिहक्क देणारा कायदा केला आणि त्यापाठोपाठ लहान शहरांतून मोजणी करून हक्कपत्रे वाटली. तेथे हे भुवनेश्वरपुरते थांबले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अतिक्रमणास बक्षीस दिल्यासारखे होते, असा आक्षेप येथे हटकून घेतला जातो. चाळीस वर्षे जिथे वीज, नळ आणि मतदारयादीतील नाव दिले, तिथे पट्टा नाकारून कोणते अतिक्रमण थांबले?

मागावयाचे काय

राज्य शासनाने मे २०२५ मध्ये ‘माझे घर, माझा अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक असे त्याचे लक्ष्य आहे. भागाकार केला तर घरामागे दोन लाख येतात. त्यात घर होईल काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. महत्त्वाची गोष्ट अशी की या धोरणात २० हजार कोटींच्या महाआवास निधीची कल्पना मांडली आहे. या निधीचे वाटप कसे व्हावे, यावर वऱ्हाडने आत्ताच बोलावयास हवे. प्रकल्पाच्या आकारमानावर वाटप झाले तर तो निधी मुंबई महानगर प्रदेशाबाहेर फारसा पडणार नाही, कारण मोठे प्रकल्प तिथेच होतात. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप केले तर चित्र वेगळे दिसते. २०११ मध्ये महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या सुमारे ५ कोटी ८ लाख होती. अमरावती व अकोला या दोन शहरांचा त्यात वाटा २.१ टक्के. या हिशेबाने त्यांचा हक्क सुमारे ४२० कोटी रुपयांचा होतो. हा आकडा सिंचनाच्या अनुशेषाइतकाच पाठ व्हावयास हरकत नाही.

त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे ४२ कोटी, वाटून टाकण्याऐवजी फिरता ठेवावा. हप्त्याच्या मंजुरीचा कागद दाखवून लाभार्थ्याने या निधीतून एक लाख उचलावे, काम चालू ठेवावे, आणि शासनाचा हप्ता आला की तो प्रथम निधीत परत जावा. एका वेळी ४,२०० घरांस ही रक्कम पुरते. सहा महिन्यांत परत आली तर वर्षाला ८,४०० घरांस. नवे अनुदान नाही, नवी योजना नाही. केवळ शासनाचा पैसा येईपर्यंतचा काळ कोणाच्या खांद्यावर टाकावयाचा एवढाच प्रश्न आहे. आज तो सर्वांत अशक्त खांद्यावर आहे. थायलंडने २००३ पासून बान मानकोंग या कार्यक्रमात वस्तीच्या संघटनेस सामूहिक कर्ज देण्याची पद्धत रूढ केली. ती जशीच्या तशी येथे आणण्याची गरज नाही. अमरावती आणि अकोला येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे जाळे आहे, महिला बचत गट आहेत. हिशेब ठेवणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत.

वसुलीची शंका मात्र दूर केली पाहिजे. ज्या प्रदेशाने २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या पाहिल्या, तेथील बँकर नव्या कर्जाकडे साशंक नजरेने पाहील, यात नवल नाही. परंतु पीककर्ज पावसावर अवलंबून असते. हे कर्ज शासनाच्या स्वतःच्या हप्त्यावर अवलंबून राहील. ते बुडालेच, तर बुडवणारा झोपडीवाला नसेल, कोषागार असेल. हप्ता थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होतो, त्यामुळे खाते त्याच बँकेत असण्याची अट घालावी लागेल. ती अट फार जाचक नाही. उरलेल्या जोखमीसाठी केंद्राचा हमी निधी आहे, ज्याची रक्कम २०२४ मध्ये एक हजार कोटींवरून तीन हजार कोटी करण्यात आली.

महापालिकांनीही आपला वाटा टाकावयास हवा. ड वर्गातील महापालिकेचा पैसा वेतन व निवृत्तिवेतनातच संपतो, ही तक्रार खोटी नाही; जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर दिवस काढावयाचे आले. तरीही जमीन-घरांच्या व्यवहारावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार वसूल होतो, गुंठेवारीच्या नियमितीकरणाचे शुल्क येते, वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य येते. शहराच्या जमिनीचे भाव वाढल्यामुळे आलेला हा पैसा आहे, आणि त्याच भाववाढीने गरीब शहराच्या कडेला ढकलला गेला. त्यातील एक चतुर्थांश घरांसाठी वेगळ्या खात्यात ठेवणे न्यायाचे होईल. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहकर बसवून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. तिची तिजोरीही महायुद्धानंतर रिकामीच होती.

असे खाते उघडण्याचा ठराव कोणी मांडावयाचा, हाही प्रश्न होताच. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. हप्ता का आला नाही हे विचारावयाचे तर प्रशासकाच्या दालनाबाहेर बसावे लागे. एकेकाळी विदर्भाचे स्वतंत्र गृहनिर्माण मंडळ होते. १९७६ च्या कायद्याने ते म्हाडात विलीन झाले आणि अमरावतीच्या वाट्यास एक विभागीय मंडळ आले. निर्णयाची जागा जितकी दूर गेली, तितकी येथून होणारी मागणी क्षीण झाली.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून मृगापर्यंतचा. शासनाचा पैसा मात्र बहुधा मार्चअखेरीस कोषागारातून सुटतो. तो पोहोचेपर्यंत एप्रिल उजाडतो, अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे जाऊ लागतो, स्लॅबवर मारावयास पाणी लागते आणि नळाला रोज पाणी येईलच असे नाही. उरलेल्या सात-आठ आठवड्यांत छत झाले नाही, तर भाड्याच्या खोलीत आणखी एक पावसाळा काढावा लागतो. फिरत्या निधीची पहिली रक्कम म्हणूनच ऑक्टोबरमध्ये बँकेत असली पाहिजे, आणि त्यासाठीची तरतूद त्याआधीच्या पुरवणी मागण्यांत व्हावयास हवी.